थकीत संकल्पांचे काय करावे?

पत्राचा सारांश: कोल्हापुरातील ४७ वर्षांच्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्या एका पतसंस्थेत हिशेब विभागात काम करतात. २०१२ पासून दरवर्षी ३१ डिसेंबरला त्या चार पानांचे एक पत्र लिहितात आणि त्याच्या प्रती पंचवीस-तीस नातेवाईक व मैत्रिणींना पाठवतात. सरत्या वर्षीच्या संकल्पांपैकी काय झाले, काय राहिले, गावात आणि देशात काय घडले, त्याविषयी आपल्याला काय वाटले आणि येत्या वर्षी काय करायचे आहे, असा त्या पत्राचा ठरलेला क्रम असतो. यंदा, २०२५ च्या अखेरीस, मात्र लेखणी अडली आहे. जुनी पत्रे काढून वाचताना त्यांना तेच चार संकल्प वर्षानुवर्षे आलेले दिसले: रोज पहाटे रंकाळा तलावावर फिरायला जाणे, दिवंगत वडिलांच्या वह्या उतरवून काढणे, दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकणे आणि रागावर ताबा ठेवणे. शिवाय पहलगामचा दहशतवादी हल्ला, अहमदाबादचा विमान अपघात, मराठवाड्यातील पूर असे सारे ज्या वर्षात घडले, त्या वर्षाच्या शेवटी आपल्या फिरण्याची कथा सांगणे त्यांना क्षुद्र वाटते. नांदणीच्या मठातून न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला हलवलेल्या हत्तिणीविषयी त्यांचे मत शिरोळ तालुक्यातील मावसबहिणीपेक्षा वेगळे आहे. ते लिहिले तर बहीण दुखावेल आणि गाळले तर पत्र खोटे ठरेल, अशी त्यांची अडचण आहे. शेवटी त्या विचारतात, "हे पत्र लिहिणे थांबवावे, की संकल्प करणेच थांबवावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले आणि दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन वाचले. त्यात एक शब्द चार ठिकाणी आला आहे, आणि तो आहे 'नापास'. फिरण्यात नापास, बचतीत नापास, वह्यांच्या बाबतीत सलग नऊ वर्षे नापास. हा शब्द शाळेतला आहे. तुमचे सारे आयुष्य ज्या शास्त्रात गेले, त्या हिशेबाच्या शास्त्रात हा शब्दच नाही, आणि म्हणून तुमच्याशी बोलताना मला तुमच्याच टेबलावरच्या वह्यांचा आधार घ्यावासा वाटतो. तुमच्याकडे रोजकीर्द असते आणि ताळेबंद असतो. रोजकीर्दीत जे ज्या दिवशी घडले ते त्या दिवशी लिहिले जाते. तिच्यात कोणाचा न्यायनिवाडा नसतो. ताळेबंदात मात्र साऱ्याचा एका तारखेला मेळ घालावा लागतो. तुम्ही गेली तेरा वर्षे आपल्या जगण्याची रोजकीर्द लिहिलेली नाही. वर्षातून एका संध्याकाळी बसून थेट ताळेबंद मांडला आहे, आणि तोही आठवणीवरून. अशा ताळेबंदाला तुमचे लेखापरीक्षक मान्यता देतील का? मग त्यावरून स्वतःविषयी एवढा कठोर निष्कर्ष तुम्ही कशाच्या आधारावर काढता?

याच संदर्भात तारखेविषयीही थोडे बोलले पाहिजे. १ जानेवारीला वर्ष सुरू करण्याची आजची प्रथा रोमची आहे, आणि ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये लागू केलेल्या दिनदर्शिकेने ती पक्की केली. आपल्या गावात मात्र वर्षे अनेक आहेत. तुमच्या पतसंस्थेचे वर्ष ३१ मार्चला संपते, जुन्या पेढ्यांवर दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजली जाते, घराघरांत गुढीपाडव्याला वर्ष उजाडते आणि मुलांचे वर्ष जूनमध्ये. उसाच्या शेतकऱ्याला तर डिसेंबरात हिशेब विचारण्यात अर्थच नसतो, कारण तेव्हा गळीत हंगाम भरात असतो, निम्मा ऊस फडात उभा असतो आणि गेलेल्या उसाचे बिलही अनेकदा यायचे असते. माझ्या परिचयाचे करवीर तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी डिसेंबरात कोणी "यंदा कसे काय?" असे विचारले, तर "अजून फड तुटायचा आहे" एवढेच उत्तर देतात. तुमचे काही संकल्पही अजून फडात उभे असू शकतात. ३१ डिसेंबरला पत्र जरूर लिहा, कारण पंचवीस-तीस माणसे त्याची वाट पाहतात. मात्र त्या दिवशी सगळ्या गोष्टींचा निकाल लावण्याचे बंधन तुमच्यावर कोणी घातलेले नाही.

आता संकल्प या शब्दाकडे येते, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. आपल्या घरी पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा आधी देशकालाचा उच्चार करतात. कोणत्या खंडात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या संवत्सरात, कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला आपण बसलो आहोत, हे सारे म्हटल्यावर मग "हे कर्म मी करीन" असे येते आणि हातावरून पाणी सोडले जाते. म्हणजे मी कुठे आहे आणि केव्हा आहे, हे सांगितल्यावाचून काय करणार हे सांगताच येत नाही, अशी त्या विधीची रचना आहे. दुसरी गोष्ट अशी की आपल्या व्रतांना मुदत असते. सोळा सोमवार सोळाच असतात आणि सतराव्या सोमवारी उद्यापन होते. चातुर्मासाचा नेम आषाढी एकादशीला धरला जातो आणि कार्तिकीला सुटतो. माझी आजी चातुर्मासात वांगे खात नसे, आणि नेम सुटला की त्या आठवड्यात घरी हमखास भरली वांगी होत. तिने वांगी कायमची सोडण्याचा विचार कधी केला असेल असे मला वाटत नाही, पण घेतलेला नेम मोडलेला मी पाहिला नाही. तुमच्या चारही संकल्पांना ना देशकाल आहे, ना उद्यापन. 'रोज' आणि 'कायम' हे शब्द त्यांच्यात आहेत आणि त्या शब्दांनीच ते थकवले आहेत.

रंकाळ्याचेच पाहा. पत्राच्या तिसऱ्या पानावर, वेगळ्याच संदर्भात, तुम्ही लिहिले आहे की तुमच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे पाच ते साडेसहा येते, ते भरणारे घरात तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि सात वाजता सासूबाईंना औषध द्यायचे असते. हे वाचून मी थांबले. ज्या बाईला पहाटे पाच ते सात घराचा उंबरठा ओलांडता येत नाही, तिने तेरा वर्षे पहाटे रंकाळ्यावर जाण्याचा संकल्प केला आणि तो मोडल्याबद्दल तेरा वर्षे स्वतःला बोल लावला. यात तुमच्या इच्छाशक्तीचा दोष कुठे आहे? तुम्ही देशकालाचा उच्चार केला असता, तर पहिल्याच वर्षी लक्षात आले असते की तुमची मोकळी वेळ संध्याकाळची आहे. पतसंस्थेतून सुटल्यावर रिक्षा न करता घरापर्यंत चालत येणे तुम्हाला शक्य आहे. अंतर वीस-पंचवीस मिनिटांचे आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. रंकाळा रविवारी संध्याकाळसाठी ठेवा. रंकाळ्याची पहाट सुंदर असते हे मलाही मान्य आहे, पण तुमच्या तब्येतीला चालणे हवे आहे आणि ते कुठल्या रस्त्यावर झाले याने तब्येतीला फरक पडत नाही.

सवय कशी लागते याविषयी लंडनमधील संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील तपशील तुम्हाला उपयोगी पडेल. ९६ जणांनी रोज ठरावीक प्रसंगाला जोडून एक छोटी कृती करायची होती, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणासोबत एक फळ खाणे. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता; आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारशी बाधा आली नाही. २१ दिवसांत सवय लागते असे जे सर्वत्र सांगितले जाते, त्याने अनेक भल्या माणसांना बाविसाव्या दिवशी निराश केले आहे. तुम्ही २ जानेवारीला चालला नाहीत की १५ जानेवारीपर्यंत "आता काय उपयोग" म्हणून बसून राहता, असे तुमच्या पत्रावरून दिसते. नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका फार सहजपणे करीत. तेव्हा यंदा संकल्प वर्षाचा करू नका. येत्या १ जानेवारीपासून १९ मार्च २०२६ च्या गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे साधारण अडीच महिन्यांचा करा, आणि पाडव्याला त्याचे उद्यापन करा: घरी काही गोड करा, मैत्रिणीला जेवायला बोलवा आणि त्यानंतर पुढे धरायचा की सोडायचा हे नव्याने ठरवा. चांगल्या मनाने सोडलेला नेम हा मोडलेला नेम नसतो.

बचतीविषयी मी फार लिहीत नाही. तुम्ही रोज दहा जणांची आवर्ती ठेव उघडून देता. अकरावी स्वतःच्या नावे उघडा आणि पगार जमा होईल त्याच दिवशी हप्ता परस्पर वळता होईल अशी सूचना देऊन ठेवा. तो विषय संकल्पांच्या यादीतून त्याच दिवशी निघून जाईल.

रागाचा संकल्प मात्र निर्लेखित करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्लेखित केले म्हणजे वसुली सोडून दिली असे होत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावे. तो आकडा दरवर्षी येणे म्हणून दाखवून ताळेबंद फुगवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'रागवायचे नाही' यात करण्यासारखी कृतीच नाही. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांच्या नववर्ष संकल्पांचा एक अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काहीतरी टाळण्याचे संकल्प करणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांनी वर्षअखेरीस आपण यशस्वी झालो असे सांगितले, तर काहीतरी करण्याचे संकल्प करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५९ टक्के होते. माणसांनी स्वतःविषयी सांगितलेले हे आकडे आहेत, तेव्हा त्यांवर फार भार टाकू नये. पण तुमचा अनुभवही त्यांच्याशी जुळतो. तुम्हाला राग येतो तो बहुतेक वेळा संध्याकाळी सात ते आठ या वेळेत आणि मार्च महिन्यात, असे तुमच्याच जुन्या पत्रांतील उताऱ्यांवरून मला दिसते. दिवसभर खिडकीवर माणसांशी बोलून आलेली, आल्या आल्या स्वयंपाकाला लागलेली बाई त्या वेळेत चिडते, यात स्वभावाचा भाग किती आणि दमणुकीचा किती? मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. संध्याकाळचा भात आणि आमटी त्याच्याकडे सोपवा, आणि मग रागाचे काय होते ते पाहा.

आता वडिलांच्या वह्या. चार संकल्पांपैकी हा एकच असा आहे की जो सोडून द्या असे मी तुम्हाला कदापि सांगणार नाही, आणि याच्याविषयीच तुम्ही सर्वांत कमी लिहिले आहे. तुमचे वडील गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते आणि निळ्या पुठ्ठ्याच्या सात वह्या त्यांनी मागे ठेवल्या आहेत, ज्यांत दुकानाचा हिशेब नसून "रोजचे काहीबाही" आहे, एवढेच तुम्ही सांगता. एका वहीतील एक ओळ तुम्ही उद्धृत केली आहे: गुळाच्या रव्याचा (ढेपेचा) दर, त्या दिवशीचा पाऊस आणि लगेच खाली "ताईला ताप, शाळेत पाठविली नाही." ती ताई म्हणजे तुम्ही. ही ओळ वाचल्यावर मला प्रश्न पडला की तुम्हाला तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच कपाटात सापडले कसे नाही. बाजाराची बातमी आणि घरातला ताप एकाच पानावर लिहिताना तुमच्या वडिलांना यातील एक मोठे आणि दुसरे क्षुद्र असे वाटले नाही. तेरा वर्षे ३१ डिसेंबरला तुम्ही जे लिहीत आला आहात, ते तुम्ही त्यांच्याकडूनच घेतले आहे.

मग या वह्या नऊ वर्षे उघडल्या का जात नाहीत? वेळ नाही हे कारण तुम्ही दिले आहे आणि ते खरेही असेल, परंतु मला वाटते की दुसरेही एक कारण आहे. अक्षर पाहिले की माणूस समोर उभा राहतो, आणि सात वह्या उतरवून पूर्ण झाल्या की त्यांच्याकडून नवे काही ऐकायचे उरणार नाही. हा माझा अंदाज आहे. तो चुकला असेल तर मला क्षमा करा. पण तो थोडाही खरा असेल, तर 'सर्व वह्या उतरवणे' असा संकल्प करूच नका. आठवड्याला एक पान उतरवा, शनिवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर, सासूबाई झोपलेल्या असताना. त्याआधी एका सुट्टीच्या दिवशी मुलाला सांगून साती वह्यांच्या प्रत्येक पानाचे फोनवर छायाचित्र काढून ठेवा आणि वह्या कपाटाच्या तळातून वरच्या फळीवर आणा. हा सल्ला मी अनुभवाने देत आहे.

आमचे जुने घर जयंती नाल्याच्या बाजूला आहे. माझी आई कोणतीही वही ठेवत नसे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या आकड्यांशेजारी ती दोन शब्द लिहीत असे. २००५ च्या पुरात तिने त्या चौकोनात लिहिले होते, "पाणी तिसऱ्या पायरीला." २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढू लागली तेव्हा आम्ही ते जुने पान काढून पाहिले आणि तिसऱ्या पायरीच्या भरवशावर निर्धास्त राहिलो. त्या वर्षी पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. ४३ फूट ही तिथली धोक्याची पातळी आहे. घरात पाणी शिरले, खालच्या कपाटातली माझी पंधरा वर्षांची लिहिलेली पाने लगदा झाली आणि आईला होडीतून बाहेर काढावे लागले. मात्र त्या दोन दिवसांत, निवारा केंद्रात बसून, मी एक काम केले. बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी, किती असताना विजेच्या खांबाशी आणि किती असताना आमच्या पहिल्या पायरीशी पाणी आले होते, हे शेजाऱ्यांना विचारून एका कागदावर उतरवले. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा तसेच चढले. तेव्हा तो कागद गल्लीत हातोहात फिरला आणि पाणी गल्लीच्या तोंडाशी येण्याआधीच म्हाताऱ्या माणसांची सोय झाली. महापुराविषयी त्या काळात वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. त्यातील काहीही आमच्या गल्लीला त्या कागदाइतके उपयोगी पडले नाही, कारण आमची पहिली पायरी वर्तमानपत्राला ठाऊक नव्हती.

चालू घडामोडींविषयी तुमच्या पत्रात काय यावे, याचे माझे उत्तर त्या कागदातूनच आलेले आहे. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसे मारली गेली आणि १२ जूनला अहमदाबादला विमानातील २४२ पैकी २४१ जण गेले, हे तुमच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यावर तुम्ही दुःख व्यक्त केले नाही तर तुम्ही असंवेदनशील ठरत नाही, आणि केले तर त्यात भर पडेलच असेही नाही. पण तुम्ही लिहिले आहे की विमानाची बातमी आली तेव्हा तुमच्या कार्यालयातील शिपाई, ज्यांची मुलगी त्या आठवड्यात पहिल्यांदा परदेशी निघाली होती, ते तासभर काही न बोलता जिन्यात बसून होते आणि तुम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसला होता. हे लिहा. तुमच्या दारापर्यंत ती घटना ज्या वाटेने आली, ती वाट फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. आणि जी घटना दारापर्यंत आलीच नाही, ती वगळण्यात कोणताही अपराध नाही.

मराठवाड्याच्या पुराबाबत तर तुम्ही स्वतःवर अन्यायच केला आहे. सप्टेंबरात तुमच्या गल्लीने धान्याची, चादरींची आणि वह्यांची पाकिटे गोळा केली, ती मोजून, बांधून, यादी करून पाठवण्याचे काम तुम्ही तीन संध्याकाळी केले, आणि याचा उल्लेख तुमच्या पत्रात अर्ध्या वाक्यात, कंसात आला आहे. २०१९ मध्ये बाहेरून मदतीच्या गाड्या आपल्याकडे आल्या होत्या, त्याची जाण ठेवून हे केले, असे तुम्ही म्हणता. हे काम जानेवारीच्या कोणत्याच यादीत नव्हते, म्हणून डिसेंबरच्या हिशेबात ते जमेला धरले गेले नाही. सासूबाईंची दोन महिन्यांची शुश्रूषाही धरली गेली नाही. जो हिशेब केवळ ठरवलेल्या गोष्टींचाच घेतला जातो, तो नेहमी तोट्यात जाणार, कारण वर्षातील बहुतेक महत्त्वाची कामे न ठरवता अंगावर येतात. यंदाच्या पत्राची सुरुवात 'न ठरवता केलेल्या गोष्टी' या भागाने करा. अशाच स्वरूपाची पत्रे मला डिसेंबरात अनेकांकडून येतात. त्या सर्वांनाही माझे हेच सांगणे आहे की संकल्पांची यादी उघडण्याआधी वर्षभराचे फोनमधले फोटो आणि दिनदर्शिकेची बारा पाने एकदा शांतपणे चाळावीत, आणि यादीत नसलेले जे जे सापडेल ते आधी लिहून काढावे.

मावसबहिणीचा प्रश्न नाजूक आहे. माधुरी ऊर्फ महादेवी हत्तीण तीन दशकांहून अधिक काळ नांदणीच्या मठात होती. न्यायालयाच्या आदेशानंतर जुलैच्या अखेरीस तिला जामनगरला नेण्यात आले, त्या वेळी गावोगावची माणसे रडली आणि ऑगस्टमध्ये हजारो लोक मोर्च्यात चालत कोल्हापुरापर्यंत आले. तुमची बहीण त्यांच्यात होती. हत्तिणीच्या आरोग्याविषयी आणि एकटेपणाविषयी न्यायालयापुढे जे आले, ते तुम्हाला महत्त्वाचे वाटते. दोन्ही भावना प्राण्यावरील मायेतूनच आलेल्या आहेत, म्हणून तर हा वाद इतका बोचतो. तुम्ही समजता तसे पर्याय दोनच नाहीत. मत लिहिण्याआधी बहिणीला विचारा की मोर्च्याच्या दिवशी तिने काय पाहिले, तिच्या लहानपणी हत्तीण गावात आली तेव्हाचे तिला काय आठवते, आणि ते तिच्या शब्दांत पत्रात घाला. त्याच्याखाली तुमचे मत चार वाक्यांत, सौम्यपणे पण आडपडदा न ठेवता लिहा. ते पान तिला सर्वांच्या आधी दाखवा. संक्रांत जवळ आली आहे. हे काम फोनवर करू नका, तिळगूळ घेऊन शिरोळला जा. पान वाचून ती म्हणाली की "हे छापू नकोस", तर त्या वर्षी ते पान गाळा आणि "एका विषयावर आम्हा बहिणींचे पटले नाही, तो विषय आमच्यातच राहू दे" एवढे वाक्य ठेवा. पत्र त्यामुळे खोटे होत नाही. सहमतीशिवाय दुसऱ्याचे दुःख वापरण्यापेक्षा कोरे पान मला अधिक प्रामाणिक वाटते.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. तुमच्या पत्रात संकल्प एका भागात असतात आणि घडामोडी दुसऱ्या भागात, जणू त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण तुमचे चालणे अडले ते पाण्याच्या वेळेमुळे, आणि पाण्याची वेळ हा महापालिकेचा विषय आहे. हे लिहीत असताना, डिसेंबर २०२५ मध्ये, कोल्हापूर महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून निवडून आलेले सभागृह नाही. पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत आहेत. १५ जानेवारी २०२६ ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, महापालिकेसाठी मतदान आहे. तोवर उमेदवार तुमच्या दारात एकदा तरी येतील. त्यांना देशाच्या राजकारणावर प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही आमच्या गल्लीला पाणी पहाटे पाचलाच का येते, दाब किती दिवस कमी असतो आणि हे बदलण्यासाठी नेमके काय करावे लागेल, असे विचारा. मिळालेले उत्तर, तारीख आणि उमेदवाराचे नाव वहीत लिहून ठेवा. शेजारच्या चार घरांनाही तसेच करायला सांगा. पुढच्या डिसेंबरात तुमच्या पत्रातल्या घडामोडींच्या भागात हे पान येऊ शकेल, आणि ते तुम्हालाच लिहिता येईल.

पत्र थांबवावे का, हा तुमचा प्रश्न राहिला. मी तुमच्या जागी असते तर चारऐवजी दोन पाने लिहिली असती, आणि नवे संकल्प त्यात प्रसिद्धच केले नसते. ते वडिलांच्या वहीसारख्या एखाद्या साध्या वहीत, देशकालासह, पाडव्यापर्यंतच्या मुदतीने लिहून ठेवले असते. मात्र तुमच्या वाचकांपैकी एक, तुमची पुण्याची आत्या, दरवर्षी पत्र मिळाल्यावर फोन करते आणि "फिरायला जातेस ना?" असे विचारते, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. तिला यंदा पत्र पाठवण्याआधीच फोन करा आणि पाण्याची वेळ सांगा. मला वाटते तिला ती ठाऊक नसावी.

३१ तारखेला संध्याकाळी लिहायला बसाल तेव्हा आधी पहिली निळी वही काढा, पहिले पान उतरवून घ्या, त्यावर त्यांची तारीख आणि खाली आजची तारीख घाला. त्यानंतर त्या दिवशीचा गुळाचा दर कोणाला तरी विचारून तुमच्या पत्राच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि पुढे घरात त्या दिवशी कोण कसे आहे ते.

तुमची,
सदरलेखिका